खजिन्याची चावी

सातपुड्याच्या पायथ्याशी, शहादा तालुक्यातील एका गावी आमची शाळा होती. गावाच्या दक्षिणेस तापीच्या खोऱ्यातील काळीभोर जमीन आणि तीत कापूस, ऊस, केळी व पपई यांचे मळे. उत्तरेस क्षितिजापर्यंत पसरलेली सातपुड्याची निळी रांग. वर्गात बसणाऱ्या मुलांपैकी कोणी घरी अहिराणी बोले, कोणी गुजर बोली, कोणी भिलोरी. तर अक्राणीच्या डोंगरातून येऊन वसतिगृहात राहिलेली मुले आपसांत पावरी बोलत. शाळेत मात्र सर्वांची भाषा एक, आणि निवडणुकीच्या दिवशी प्रत्येकाचे मतही एकच.

ही गोष्ट २०१९ सालच्या सप्टेंबर महिन्यातील आहे. मी तेव्हा त्या शाळेचा मुख्याध्यापक होतो आणि सातवीच्या वर्गाला मराठी शिकवीत असे. शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक व्हावयाची होती. मुख्यमंत्री, आरोग्यमंत्री, ग्रंथालयमंत्री अशी पदे होती; परंतु सर्वांचे लक्ष खजिनदाराच्या पदाकडे असे. सहलीची वर्गणी, स्नेहसंमेलनाची वर्गणी, आजारी मित्रासाठी जमविलेले पैसे, हे सारे एका पत्र्याच्या पेटीत राही आणि त्या पेटीची चावी खजिनदाराच्या हाती असे.

या पदासाठी दोन अर्ज आले. एक वसतिगृहातील एका मुलीचा. दुसरा एका मुलाचा. त्या मुलाचे नाव मी वाचले मात्र, मागच्या बाकावरून आवाज आला, “सर, ज्याने पेटी फोडली त्याच्याच हाती चावी द्यायची का?”

वर्ग एकदम स्तब्ध झाला. त्या मुलाने मान खाली घातली.

बोलणाऱ्या मुलाचे म्हणणे खोटे नव्हते. आदल्या हिवाळ्यात तोरणमाळच्या सहलीसाठी जमलेल्या पैशांतून १४० रुपये नाहीसे झाले होते. दोन दिवसांनी या मुलाने अपराध कबूल केला. त्याच्या वडिलांनी पैसे भरून दिले. शिक्षा म्हणून त्याला सहलीस नेले नाही. तेथे ते प्रकरण संपले, असे मी समजत होतो. परंतु वर्गाच्या मनात ते संपलेले नव्हते.

मी तेव्हा काहीच निकाल दिला नाही. फळ्यावर मधोमध एक उभी रेघ ओढली. डावीकडे लिहिले, ‘उभे राहू नये’. उजवीकडे लिहिले, ‘उभे राहावे’. मग मुलांना म्हणालो, “सांगा, ज्याला जे वाटेल ते सांगा. मात्र कारणासह सांगा.”

डावी बाजू भराभर भरू लागली. “ज्याने एकदा चोरले तो पुन्हा चोरील.” “पैसे त्याचे नाहीत, आपल्या सर्वांचे आहेत.” “इतकी प्रामाणिक मुले असताना हाच का?”

उजव्या बाजूस थोड्याच ओळी आल्या, पण त्याही वजनदार होत्या. “त्याने शिक्षा भोगली आहे, एका चुकीची किती वेळा शिक्षा देणार?” “त्याने स्वतः कबूल केले. दुसरा असता तर लपविले असते.” एक मुलगी म्हणाली, “सर, मत देणारे आम्ही आहोत. नको असेल तर आम्ही मत देणार नाही. मग उभे राहायलाच बंदी कशाला?”

मी घड्याळाकडे पाहिले. तास संपत आला होता. “मुलांनो,” मी म्हणालो, “तुम्ही आज जो प्रश्न विचारला आहे, तोच आपला देश गेली कित्येक वर्षे स्वतःला विचारीत आहे. तुमच्या पेटीत काही शे रुपये आहेत. देशाच्या पेटीत लाखो कोटी आहेत. पण प्रश्न तोच आहे, की चावी कोणाच्या हाती द्यावी? आपण घाई करू नये. निवडणुकीस अजून आठ-दहा दिवस आहेत.”

दुसऱ्या दिवशी मी वर्गात एक वर्तमानपत्र नेले. त्यात मोठ्या अक्षरांत एक बातमी होती. जळगाव नगरपालिकेने गरिबांसाठी घरे बांधण्याची योजना आखली होती. त्या घरकुल योजनेत कोट्यवधी रुपयांचा गैरव्यवहार झाला, असा खटला धुळे येथील विशेष न्यायालयात चालला होता. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी न्यायालयाने दोन माजी मंत्र्यांसह ४८ जणांना दोषी ठरवून शिक्षा सुनावल्या होत्या. अर्थात दोषी ठरलेल्या माणसास वरच्या न्यायालयात दाद मागण्याचा अधिकार असतो, आणि त्यांच्यापैकी अनेकांनी पुढे तशी दाद मागितलीही.

बातमी वाचून होताच एकाने विचारले, “सर, अशा माणसांना पुन्हा निवडणुकीला उभे राहता येते का?”

“त्याचे उत्तर कायद्यात आहे,” मी म्हणालो. “आपली राज्यघटना अमलात आली १९५० मध्ये, आणि लगेच दुसऱ्या वर्षी, १९५१ मध्ये, लोकप्रतिनिधित्व कायदा झाला. त्या कायद्याच्या आठव्या कलमात असे सांगितले आहे, की ज्याला न्यायालयाने दोषी ठरवून दोन वर्षे किंवा त्याहून अधिक काळ कारावासाची शिक्षा दिली, तो त्या दिवसापासून अपात्र होतो. आणि शिक्षा भोगून सुटल्यावरही आणखी सहा वर्षे त्याला आमदार वा खासदार होता येत नाही. मतदारांना लाच देणे, जातिधर्मांत वैर पेटविणे, अस्पृश्यता पाळणे अशा काही गुन्ह्यांत तर नुसता दंड झाला तरी माणूस सहा वर्षे अपात्र ठरतो.”

“आणि आपल्या गावच्या सरपंचाचे?”

“तेथेही नियम आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यानुसार ज्याला सहा महिने वा अधिक कारावास झाला, त्याला सुटकेनंतर सामान्यतः पाच वर्षे पंचायतीचा सदस्य होता येत नाही.”

मुले विचारात पडली. मग एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, “म्हणजे कायदासुद्धा कायमचा दरवाजा बंद करीत नाही!”

“बरोबर हेरलेस,” मी म्हणालो. “दोन वर्षांची शिक्षा झालेल्या माणसाला कायदा म्हणतो, ‘थांब.’ तो त्याला ‘पुन्हा कधीही येऊ नकोस’ असे म्हणत नाही. माणूस सुधारू शकतो, हा विश्वास त्यात आहे. परंतु सुधारलो असे नुसते म्हणून चालत नाही. ते काही वर्षे जगून दाखवावे लागते, हाही विवेक त्यात आहे.”

या कायद्यात पूर्वी एक फट होती, तीही मी मुलांना सांगितली. सामान्य माणूस दोषी ठरला की तो तत्काळ अपात्र होई. परंतु जो आधीच आमदार वा खासदार असेल, त्याने तीन महिन्यांच्या आत अपील केले, की अपिलाचा निकाल लागेपर्यंत त्याचे पद शाबूत राही. अपील वर्षानुवर्षे चाले, आणि तोवर दोषी ठरलेला मनुष्य देशासाठी कायदे करीत बसे. १० जुलै २०१३ रोजी लिली थॉमस यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही सवलत रद्द केली. कायद्यापुढे प्रजा आणि प्रतिनिधी यांना दोन मापे असू शकत नाहीत, हे त्या दिवशी ठरले. त्याच वर्षी काही खासदारांची पदे या निकालामुळे गेली.

इतका वेळ गप्प बसलेली एक मुलगी उभी राहिली. खजिनदारपदासाठी अर्ज केलेली, अक्राणीकडची, तीच ही मुलगी. ती हळूच म्हणाली, “सर, जंगलातली जमीन कसली म्हणून माझ्या आजोबांवर खटला झाला होता. त्यांनी चोरी केली नाही, कोणाला मारले नाही. बापजाद्यांपासूनचे शेत होते. मग तेही गुन्हेगारच का?”

तिच्या प्रश्नाने मला क्षणभर निरुत्तर केले. वर्गातील डोंगराकडची मुले माझ्याकडे टक लावून पाहत होती. कारण तसे खटले त्यांच्यापैकी अनेकांच्या घरी माहीत होते.

“बाळ,” मी म्हणालो, “सातपुड्यात पिढ्यान् पिढ्या शेती करणाऱ्या लोकांना कायद्याने बराच काळ अतिक्रमण करणारे मानले. पुढे २००६ मध्ये संसदेने वनहक्क कायदा केला. त्या कायद्याच्या आरंभीच या लोकांवर ऐतिहासिक अन्याय झाल्याचे मान्य केले आहे, आणि १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून आदिवासी जी वनजमीन कसत होते तिच्यावरील त्यांचा हक्क कबूल केला आहे. काल ज्याला गुन्हा म्हटले, त्याला आज हक्क म्हटले. म्हणून कोणावर खटला आहे एवढे ऐकून त्याला दुर्जन ठरवू नये. खटला कशाबद्दल आहे आणि तो शाबीत झाला आहे का, हे आधी विचारावे.”

मग मी फळ्यावर दोन शब्द लिहिले: ‘आरोपी’ आणि ‘दोषी’. आरोप कोणीही कोणावर करू शकतो. शत्रू करतो, सत्ताधारी करतो, कधी गैरसमजाने मित्रही करतो. दोष मात्र न्यायालय पुराव्यावरून ठरविते. नुसत्या आरोपाने जर माणूस निवडणुकीस अपात्र ठरू लागला, तर प्रतिस्पर्ध्याला दूर करण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्याच्यावर खोटा खटला भरणे हाच होईल. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात सरकारविरोधी पक्षांचे अनेक पुढारी तुरुंगात होते. मुंबईचे कामगारनेते जॉर्ज फर्नांडिस यांच्यावर तर सुरुंगाची दारू बाळगून स्फोट घडविण्याचा कट रचल्याचा खटला भरला होता. ते १९७७ ची लोकसभेची निवडणूक तुरुंगातून लढले आणि बिहारमधील मुझफ्फरपूर येथून तीन लाखांहून अधिक मताधिक्याने निवडून आले. पुढे तो खटला काढून घेण्यात आला. केवळ आरोपामुळे अपात्रता असती, तर त्या लाखो मतदारांना आपले म्हणणे मांडताच आले नसते.

“पण सर,” मागच्या बाकावरचा तो पहिला मुलगा म्हणाला, “खरोखरीच दुष्ट माणूस असेल आणि खटला दहा वर्षे चालत राहिला, तर? तोही म्हणेल, अजून शाबीत कुठे झाले आहे?”

“हीच या प्रश्नातील खरी अडचण आहे,” मी म्हणालो. “आपल्याकडे खटले लांबतात, आणि त्या विलंबाच्या आड निर्दोष माणूसही कुढत बसतो आणि दोषी माणूसही सुखाने बसतो. २५ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांपुढे नेमका हाच प्रश्न होता. ते म्हणाले, की अपात्रतेचे नवे नियम करणे हे न्यायालयाचे काम नाही. ते संसदेने करावे. परंतु उमेदवाराने आपल्यावरील खटले लपवू नयेत, ठळक अक्षरांत लिहावेत, आणि अर्ज भरल्यानंतर निदान तीन वेळा वर्तमानपत्रांतून व दूरचित्रवाणीवरून ते प्रसिद्ध करावेत. उमेदवार अर्जाबरोबर एक शपथपत्र देतो. त्यात त्याच्यावरील खटले, मालमत्ता, कर्जे आणि शिक्षण यांची माहिती असते. निवडणूक निर्णय अधिकारी ते लोकांना पाहण्यासाठी फलकावर लावतात. आता ते घरी बसूनही वाचता येते. ही शपथपत्रे मतदारांना मिळाली पाहिजेत, हा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००२ रोजी दिला. दरवाजा बंद करणे जेथे अन्यायाचे होईल, तेथे निदान दिवा तरी लावावा, असे हे आहे.”

(पुढे पाच महिन्यांनी, १३ फेब्रुवारी २०२० रोजी, न्यायालयाने राजकीय पक्षांनाही बांधून घेतले. ज्याच्यावर खटले आहेत असा उमेदवार का निवडला, आणि तसा डाग नसलेला दुसरा का मिळाला नाही, याची कारणे पक्षांनी जाहीर केली पाहिजेत. केवळ ‘हा निवडून येईल’ एवढे कारण पुरेसे नाही, असेही न्यायालयाने बजावले.)

९ सप्टेंबरला आम्ही एस. टी. ने नंदुरबारला गेलो. प्रकाशा येथे पुलावरून जाताना तापीचे पात्र दोन्ही काठ भरून वाहत होते. नंदुरबारच्या माणिक चौकात हुतात्म्यांचे स्मारक आहे. १९४२ साली याच तारखेस, हाती तिरंगा घेऊन निघालेल्या मुलांच्या प्रभातफेरीवर येथे पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता तेव्हा पंधरा वर्षांचा होता. त्याच्यासह लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा ही मुलेही धारातीर्थी पडली. आमच्या मुलांनी स्मारकाला फुले वाहिली. कोणी बोलत नव्हते. सातवीतील मुलाला पंधरा वर्षांचा मुलगा फार मोठा वाटत नाही.

परत निघण्यापूर्वी आम्ही सावलीत बसलो. मी म्हणालो, “त्या दिवसाच्या सरकारी दप्तरात या मुलांची नोंद कशी झाली असती? हुकूम मोडणारी, बेकायदा जमाव करणारी. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळ्याहून या नंदुरबारकडे येणारा सुमारे साडेपाच लाख रुपयांचा सरकारी खजिना चिमठाण्याजवळ क्रांतिकारकांनी लुटला. इंग्रजांच्या लेखी ते दरोडेखोर होते. त्यांच्यापैकी जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी यांना स्वतंत्र भारतात लोकांनी विधानसभेवर निवडून दिले. लोकमान्य टिळक १८९५ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात निवडून गेले होते. १८९७ मध्ये त्यांना राजद्रोहाबद्दल दीड वर्षाची आणि १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. यशवंतराव चव्हाण अठरा वर्षांचे असताना, १९३२ मध्ये, त्यांना स्वातंत्र्यचळवळीत अठरा महिन्यांची शिक्षा झाली. तेच १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले.”

तेव्हा एक खोडकर मुलगा चटकन म्हणाला, “मग सर, आजचा एखादा गुंडही म्हणेल, ‘टिळकही तुरुंगात गेले, मीही गेलो!’”

सारे हसले. मलाही हसू आले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

“म्हणेल, अवश्य म्हणेल,” मी म्हणालो. “त्याला तुम्ही तीन गोष्टी विचारा. पहिली, तू जे केलेस ते कोणासाठी केलेस? खजिना लुटणाऱ्यांनी तो पैसा चळवळीसाठी नेला. घरकुलाचा पैसा ज्याने खाल्ला असेल त्याने गरिबाच्या डोक्यावरचे छप्पर नेले. दुसरी, तू जो कायदा मोडलास तो कोणाचा होता? इंग्रजांचा कायदा आपल्याला विचारून झालेला नव्हता. आजचा कायदा आपण निवडून दिलेले लोक करतात. तो चुकीचा असेल तर उघडपणे झगडून बदलता येतो. आणि तिसरी, ते तू उघड केलेस की लपून? न्यायालयात उभे राहून टिळकांनी आपले लिखाण नाकारले नाही. चोर मात्र आधी अंधार शोधतो, मग वकील शोधतो. तुरुंगाची भिंत दोघांनाही एकच असते; परंतु त्या भिंतीच्या आत प्रत्येक जण वेगळ्या कारणाने गेलेला असतो.”

परतीच्या वाटेवर संध्याकाळ झाली. तो मुलगा माझ्या शेजारी येऊन बसला. बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिल्यावर तो म्हणाला, “सर, मी अर्ज मागे घेऊ का?”

“का रे?”

“मी काही देशासाठी पैसे घेतले नव्हते.”

त्याचे हे उत्तर ऐकून मला गहिवरून आले. मी म्हणालो, “अर्ज ठेवणे वा मागे घेणे हा निर्णय तुझा आहे. शाळेच्या नियमाने तुला बंदी नाही, आणि मी आज तुझ्यासाठी नवा नियम करणार नाही. माणूस पाहून केलेला नियम हा नियमच नव्हे. मात्र एक ध्यानात ठेव. उभे राहण्याचा हक्क तुला आहे; निवडून येण्याचा हक्क कोणालाच नसतो. तो लोकांचा विश्वास आहे. तो मागता येतो, हिसकावून घेता येत नाही.”

निवडणुकीच्या दिवशी दोन्ही उमेदवारांना दोन-दोन मिनिटे बोलावयाची होती. ती मुलगी थोडक्यात म्हणाली, “मी हिशेब दर शनिवारी फळ्यावर लिहीन.” मग तो मुलगा उभा राहिला. त्याच्या हातात कागद होता, पण त्याने तो वाचला नाही. “मी मागच्या वर्षी सहलीच्या पैशांतून १४० रुपये घेतले होते,” तो म्हणाला. “ते माझ्या वडिलांनी भरले, त्यासाठी त्यांना अर्धा आठवडा दुसऱ्याच्या मळ्यात जास्तीचे काम करावे लागले. हे तुम्हांला सगळ्यांना माहीत आहे, पण मी आजवर तुमच्यापुढे बोललो नव्हतो. आता ठरवा.” एवढे बोलून तो खाली बसला.

वर्गातील ४३ मुलांनी चिठ्ठ्या टाकल्या. मुलीला २६ मते मिळाली, त्याला १७. तो हरला.

मला त्या दिवशी त्याचे वाईट वाटले. परंतु वर्ग चुकला असेही वाटले नाही. सव्वीस जणांनी म्हटले, ‘अजून थोडे थांब.’ सतरा जणांनी म्हटले, ‘आमचा विश्वास आहे.’ दोन्ही उत्तरे विचार करून दिलेली होती, आणि ती देण्यापूर्वी कोणापासून काहीही लपविलेले नव्हते. त्या मुलाचा उभे राहण्याचा हक्कही राहिला, आणि वर्गाचा निवडण्याचा हक्कही राहिला.

जानेवारीत स्नेहसंमेलन आले. वर्गणीची रक्कम वाढली आणि एकटीला हिशेब आवरेना. तेव्हा खजिनदार मुलीने आपणहून त्याला मदतीस बोलाविले. “गणितात तो माझ्यापेक्षा पुढे आहे,” ती मला म्हणाली, “आणि वहीवर आम्ही दोघेही सही करू.” तीन आठवडे ती दोघे मधल्या सुट्टीत पेटी उघडून बसत. चावी तिच्याजवळ असे, वही त्याच्याजवळ. शेवटच्या शनिवारी हिशेब फळ्यावर लिहिला गेला. जमा आणि खर्च यांचा मेळ बरोबर बसला होता, आणि खाली दोन सह्या होत्या.

मुलांनो, आणखी पाच-सहा वर्षांनी तुम्ही अठरा वर्षांचे व्हाल आणि मतदार व्हाल. त्या दिवशी तुमच्या हाती येणारा मताचा अधिकार हीच देशाच्या खजिन्याची चावी आहे. कायदा कुंपण घालतो. ज्याचा अपराध शाबीत झाला त्याला तो काही काळ कुंपणाबाहेर ठेवतो. परंतु कुंपणाच्या आत जे उभे आहेत, त्यांतून निवड करण्याचे काम कायदा करीत नाही. ते तुमचे आहे. उमेदवार आपल्या जातीचा आहे, आपल्या गावचा आहे, किंवा त्याने जेवण घातले, एवढ्यावरून चावी देऊ नका. आणि कोणी त्याच्याविरुद्ध ओरडले एवढ्यावरून नाकारूही नका. त्याचे शपथपत्र वाचा. आरोप आहे की दोष शाबीत झाला आहे, तो कशाबद्दल आहे, आणि त्यानंतर तो कसा वागला, हे विचारा. माणिक चौकातील मुलांनी आपल्या हातचा झेंडा सोडला नाही, म्हणून आपल्याला हे विचारता येते.

शब्दार्थ

अपात्र – एखाद्या पदासाठी वा कामासाठी कायद्याने अयोग्य ठरलेला.
शाबीत होणे – पुराव्याने सिद्ध होणे.
शपथपत्र – शपथेवर खरी म्हणून दिलेली लेखी माहिती.
अपील – खालच्या न्यायालयाच्या निर्णयाविरुद्ध वरच्या न्यायालयात मागितलेली दाद.
मताधिक्य – विजयी उमेदवाराला दुसऱ्यापेक्षा जास्त मिळालेली मते.
धारातीर्थी पडणे – लढताना वीरमरण येणे.

स्वाध्याय

१. ‘आरोपी’ आणि ‘दोषी’ या शब्दांतील भेद पाठातील उदाहरणे देऊन स्पष्ट करा.

२. नुसत्या आरोपामुळे कोणास निवडणुकीस उभे राहण्याची बंदी केली, तर कोणता धोका संभवतो?

३. “तुरुंगाची भिंत दोघांनाही एकच असते.” हे वाक्य कोणी, कोणास व कोणत्या प्रसंगी म्हटले? त्याचा आशय तुमच्या शब्दांत लिहा.

४. अक्राणीकडील मुलीच्या प्रश्नाने मुख्याध्यापक क्षणभर निरुत्तर का झाले?

५. तुम्ही त्या वर्गात असता, तर कोणाला मत दिले असते? कारणांसह दहा ओळी लिहा.

६. पुढील शब्दप्रयोगांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा: हसण्यावारी नेणे, टक लावून पाहणे, गहिवरून येणे, मेळ बसणे.

७. उपक्रम: आपल्या वर्गासाठी खजिनदाराच्या उमेदवाराने भरावयाच्या शपथपत्राचा नमुना तयार करा. त्यात कोणते प्रश्न असावेत, ते सर्वांनी मिळून ठरवा.